भारत हेग करारात नाही, म्हणून नातू सुरक्षित आहे काय?

प्रश्न : मी कोरेगाव तालुक्यातील निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे. माझी मुलगी लग्नानंतर आठ वर्षे अमेरिकेत न्यू जर्सी येथे होती. तिचा व्हिसा जावयांच्या नोकरीवर अवलंबून होता. नातू सहा वर्षांचा असून जन्माने अमेरिकी नागरिक आहे. मारहाणीमुळे मुलीने तेथे दोनदा पोलिसांना बोलावले होते. मे महिन्यात ती जावयांच्या संमतीने, ऑगस्टचे परतीचे तिकीट काढून, मुलासह गावी आली आणि परत गेली नाही. ऑगस्टपासून नातवाचे वडिलांशी बोलणेही बंद केले आहे. आता तेथील न्यायालयाने मुलाचा ताबा वडिलांना दिला असून तीस दिवसांत त्याला परत आणावे, अन्यथा अपहरणाची कारवाई होईल, असे जावयांच्या वकिलांनी ई-मेलने कळवले आहे. भारत हेग करारात नाही, त्यामुळे वर्षभर उत्तरच देऊ नका, असे गावातील जाणकार म्हणतात. ते योग्य आहे काय? मुलीच्या मानवी हक्कांसाठी संयुक्त राष्ट्रांकडे जाता येईल काय? पोलीस आलेच तर नातवाला सांगलीला माझ्या बहिणीकडे ठेवावे काय?

उत्तर : गुरुजी, आपल्या गावातील जाणकारांनी सांगितलेली पहिली गोष्ट खरी आहे आणि तिच्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. १९८० चा आंतरराष्ट्रीय बाल-अपहरणाच्या दिवाणी बाबींसंबंधीचा हेग करार भारताने स्वीकारलेला नाही, अमेरिकेने तो स्वीकारलेला आहे. हा करार सोळा वर्षांखालील मुलांना लागू होतो. आई-वडिलांपैकी एकाने मूल त्याच्या नेहमीच्या राहण्याच्या देशातून दुसऱ्या देशात नेले, किंवा ठरलेल्या मुदतीनंतर परत पाठवले नाही, तर ते आधी मूळ देशात परत जावे आणि ताब्याचा निकाल तेथील न्यायालयाने द्यावा, अशी त्याची मांडणी आहे. आपली मुलगी संमतीने आली असली तरी संमती ऑगस्टपर्यंतची होती. त्यामुळे भारत या करारात असता तर तिचे प्रकरण ‘परत न पाठवणे’ या दुसऱ्या प्रकारात मोडले असते.

वर्षभराची गोष्टही याच कराराच्या बाराव्या कलमातून अर्धवट कानांवर आलेली दिसते. मूल नेल्यापासून किंवा रोखून ठेवल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज झाला तर ते परत पाठवायचे आणि एक वर्ष उलटल्यानंतर अर्ज झाला तर मूल नव्या ठिकाणी रुळले आहे काय हेही पाहायचे, असे ते कलम सांगते. परंतु हा हिशोब करारातील देशांपुरता आहे. आपल्या न्यायालयांपुढे असे कोणतेही वर्ष मोजले जात नाही. आपण गप्प बसलात तर मुदत सरेल आणि प्रश्न मिटेल, असे घडणार नाही. उलट आपल्या गप्प बसण्याचा काळ समोरच्या वकिलाच्या युक्तिवादात आपल्याविरुद्ध वापरला जाईल.

भारत या करारापासून दूर का राहिला, हे येथे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण आपल्या मुलीच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा त्यातच आहे. करार आखला गेला तेव्हा डोळ्यांसमोर होता तो ताबा न मिळालेला आणि मूल पळवून नेणारा बाप. प्रत्यक्षात पुढे जी प्रकरणे आली त्यांतील बहुसंख्य प्रकरणांत मूल नेणारी आई होती, आणि अनेकदा ती मारहाणीतून सुटून माहेरी आलेली होती. कराराच्या तेराव्या कलमात मुलाला ‘गंभीर धोका’ असेल तर परत पाठवणे नाकारता येते, परंतु आईवरील हिंसेचा त्यात स्वतंत्र उल्लेख नाही. भारताच्या विधी आयोगाने २००९ मध्ये करार स्वीकारण्याची शिफारस केली आणि २०१६ मध्ये पुन्हा त्या विषयावर अहवाल दिला. परंतु केंद्र सरकारने या प्रश्नासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती राजेश बिंदल समितीने २०१८ मध्ये, विदेशात अडचणीत सापडून माघारी आलेल्या भारतीय स्त्रियांचा विचार करून, कराराला आहे त्या स्वरूपात मान्यता देण्यास अनुकूलता दर्शवली नाही. अमेरिकेचे परराष्ट्र खाते आपल्या वार्षिक अहवालांत भारताची या बाबतीत नापसंतीने नोंद घेत आले आहे. तो दोन सरकारांमधील प्रश्न आहे. त्याचे ओझे कोरेगावच्या घराने आपल्या डोक्यावर घेऊ नये.

करार नाही म्हणजे कायदा नाही, असे मात्र नाही. करार नसताना हा प्रश्न आपल्या उच्च न्यायालयांकडे आणि सर्वोच्च न्यायालयाकडे येतो, आणि ती न्यायालये गेली चाळीस वर्षे त्यावर निर्णय देत आहेत. एलिझाबेथ दिनशॉ प्रकरणात मिशिगनमधील न्यायालयाने आईला ताबा दिलेला असताना वडिलांनी मुलाला गुपचूप पुण्यात आणले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये ते मूल आईच्या स्वाधीन करून अमेरिकेला परत जाऊ दिले. धनवंती जोशी प्रकरणात, म्हणजे १९९७ मध्ये, आई मुलाला घेऊन भारतात आलेली होती आणि मूल येथे बारा वर्षांहून अधिक काळ वाढलेले होते. तेथे परदेशी आदेशापेक्षा मुलाचे हित मोठे मानले गेले. २०१५ मध्ये सूर्य वदनन प्रकरणात, ज्या न्यायालयाने आधी आदेश दिला त्याला विशेष वजन द्यावे, असे मत मांडले गेले. २०१७ च्या नित्या आनंद राघवन प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते स्वीकारले नाही. परदेशी न्यायालयाचा आदेश हा विचारात घ्यायच्या अनेक बाबींपैकी एक आहे, निर्णायक बाब मुलाचे हित हीच आहे, असे त्या निकालाने ठरवले आणि आज तोच पाया आहे.

येथपर्यंत वाचून आपल्याला हायसे वाटले असेल, पण पुढचे वाचल्याशिवाय निर्णय घेऊ नका. त्याच पायावर २०१९ मध्ये लाहरी सखामुरी प्रकरणात, २०२० मध्ये यशिता साहू प्रकरणात आणि २०२२ मध्ये वसुधा सेठी प्रकरणात मुले अमेरिकेला परत पाठवण्याचे आदेश झाले. या निकालांत न्यायालयाने मूल कोठे जन्मले, कोणत्या देशाचे नागरिक आहे, किती वर्षे कोणत्या वातावरणात वाढले, भारतात येऊन किती दिवस झाले आणि येथे त्याची मुळे किती खोल गेली, हे पाहिले. आपल्या नातवाची सहा वर्षे तेथे गेली, येथे जेमतेम सहा महिने. वडिलांनी आजच उच्च न्यायालयात बंदीप्रत्यक्षीकरणाची (हेबियस कॉर्पस), म्हणजे रोखून ठेवलेल्या व्यक्तीला न्यायालयापुढे हजर करण्याची याचिका दाखल केली, तर मूल परत पाठवण्याचा आदेश होण्याची शक्यता खरी आहे, हे मी आपल्यापासून लपवू शकत नाही. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील अशा याचिका १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर येथील सर्किट बेंचपुढे चालतात. वडिलांच्या वकिलालाही आता खंबाटकी घाट उतरून मुंबईला जाण्याची गरज नाही.

म्हणून गप्प राहण्याऐवजी आपण स्वतः पुढे होऊन न्यायालयात जावे, असा माझा सल्ला आहे, आणि त्यातही सर्वांत आधी मुलीच्या नावाने कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ खाली साताऱ्यात अर्ज करावा. त्या कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाप्रमाणे पीडित स्त्री जेथे तात्पुरती राहते तेथेही अर्ज चालतो. मारहाण न्यू जर्सीत झाली म्हणून साताऱ्याचे दंडाधिकारी हात वर करू शकत नाहीत. एकविसाव्या कलमाखाली मुलाचा तात्पुरता ताबाही मागता येतो. त्याच्या जोडीला पालक व पाल्य अधिनियम, १८९० खाली ताब्याचा अर्ज करता येईल, परंतु मूल ‘सामान्यतः’ साताऱ्यात राहतच नव्हते अशी हरकत तेथे पहिल्याच तारखेला येईल हे गृहीत धरावे. जावयांविरुद्ध फौजदारी फिर्याद द्यावी काय, असे आपण विचारलेले नाही, आणि मी ती सुचवतही नाही. भारताबाहेर घडलेल्या गुन्ह्याच्या चौकशी-खटल्यासाठी केंद्र सरकारची पूर्वमंजुरी लागते, आणि केवळ दबावासाठी दिलेली फिर्याद ताब्याच्या प्रकरणात उलटते, असे मी अनेकदा पाहिले आहे.

या सगळ्याचा कणा पुरावा आहे. ‘फार त्रास होता’ हे वाक्य प्रत्येक अर्जात असते आणि न्यायालये त्याकडे त्याच नजरेने पाहतात. आपल्या मुलीने दोनदा पोलीस बोलावले, ही मात्र शेकडो अर्जांत न मिळणारी गोष्ट आहे. त्या दोन्ही वेळच्या पोलीस अहवालांच्या प्रती तेथील वकिलामार्फत ताबडतोब मागवाव्यात. डॉक्टरांची कागदपत्रे, त्या काळातील संदेश, शेजाऱ्यांची किंवा मैत्रिणींची प्रतिज्ञापत्रे मिळतील तेवढी जमवावीत. मुलाने मारहाण पाहिली असेल तर ते स्वतंत्रपणे मांडावे, कारण न्यायालयापुढील प्रश्न पतीने पत्नीला कसे वागवले एवढाच नसून त्या घरात परत गेल्यास मुलाचे काय होईल हा आहे.

ई-मेलने आलेली नोटीस ही कायदेशीर बजावणी आहे काय? माझ्या मते नाही. परदेशी दिवाणी कागदपत्रांच्या बजावणीसंबंधीचा १९६५ चा हेग करार हा वेगळा करार असून तो मात्र भारताने स्वीकारलेला आहे. त्याखालील कागदपत्रे केंद्रीय विधी मंत्रालयामार्फत बजावली जावीत, टपालाने परस्पर पाठवलेली चालणार नाहीत, अशी भारताची नोंदवलेली भूमिका आहे. न्यू जर्सीचा आदेश एकतर्फी आहे आणि बजावणी सदोष आहे, हे दोन्ही मुद्दे येथे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या तेराव्या कलमाखाली, म्हणजे परदेशी निकाल येथे केव्हा बंधनकारक नसतो हे सांगणाऱ्या कलमाखाली, उपयोगी पडतील. पण तेवढ्यावर विसंबून तेथे हजरच राहू नये, असे सांगणारे वकीलही आपल्याला भेटतील आणि तेथे माझा मतभेद आहे. मूल खटला दाखल होण्यापूर्वी सलग सहा महिने ज्या राज्यात राहिले, किंवा नुकतेच नेले गेले असून आई-वडिलांपैकी एक जण अजून तेथेच आहे, ते राज्य मुलाचे घर मानून ताबा तेथील न्यायालयाने ठरवण्याचा नियम न्यू जर्सीतही आहे. त्यामुळे आपल्या मुलीने पाठ फिरवली म्हणून ते न्यायालय थांबणार नाही. तेथील वकील नेमून, अधिकारक्षेत्राची हरकत राखून ठेवून, हिंसेचा पुरावा मांडावा आणि एकतर्फी आदेश रद्द करण्याची किंवा बदलण्याची मागणी करावी. येथून जाणाऱ्या कागदपत्रांवर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणूनचे प्रमाणन, लागेल, त्यासाठी राज्य शासनाची पडताळणी आणि नंतर परराष्ट्र मंत्रालय असा मार्ग आहे आणि त्यात दिवस जातात.

अपहरणाच्या धमकीविषयी एवढेच : पालकाने मूल देशाबाहेर नेणे किंवा बाहेर रोखून ठेवणे हा अमेरिकेच्या १९९३ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे, आणि हिंसेपासून पळून येणे हा त्याच कायद्यात बचाव म्हणून मान्य आहे. अमेरिकी वॉरंट कोरेगावच्या पोलीस ठाण्यातून थेट बजावले जात नाही. परंतु ते निघाले तर मुलीला अमेरिकेत उतरताच अटक होऊ शकते, हे तडजोडीची बोलणी करताना लक्षात ठेवावे लागेल.

संयुक्त राष्ट्रांविषयी आपण मोठ्या आशेने विचारले आहे. १९८९ चा बालहक्क करार भारताने डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारला. अमेरिकेने त्यावर सही केली पण तो अद्याप मंजूर केलेला नाही. त्या कराराखाली व्यक्तीला थेट तक्रार करू देणारा पूरक करार भारताने स्वीकारलेला नाही, आणि स्त्रियांविषयीच्या कराराच्या तशाच पूरक कराराचीही स्थिती तीच आहे. म्हणजे जिनिव्हाला अर्ज पाठवून मुलीला दाद मिळणार नाही. तरीही हा करार आपल्या उपयोगाचा आहे, कारण आपली न्यायालये त्याचा आधार घेतात : तिसरे कलम मुलाच्या हिताचे, बारावे कलम मुलाचे म्हणणे ऐकण्याचे. मात्र त्याच करारात नववे आणि दहावे कलमही आहे, आणि त्यांप्रमाणे वेगवेगळ्या देशांत राहणाऱ्या आई आणि वडील या दोघांशीही नियमित संबंध ठेवण्याचा हक्क मुलाचा आहे. मानवी हक्कांची भाषा मुलीसाठी वापरायची आणि नातवाचा वडिलांशी फोन बंद ठेवायचा, हे एका अर्जात बसत नाही. आपल्या पत्रात ऑगस्टपासून बोलणे बंद केल्याचा ओझरता उल्लेख आहे. तो मला साऱ्या पत्रातील सर्वांत धोकादायक भाग वाटला. आजच्या आज ठरावीक वेळी व्हिडिओ कॉल सुरू करावेत आणि त्यांची नोंद वहीत ठेवावी.

उद्या मूल परत पाठवण्याचा आदेश झालाच, तर अटी मागून घेणे शक्य असते : आईला सोबत जाण्याचा खर्च, तेथे स्वतंत्र घर, तिच्याविरुद्धची कारवाई मागे घेणे, आणि हे सर्व न्यू जर्सीच्या न्यायालयाकडून तशाच आदेशाने आधी मंजूर करून घेणे. याला आपल्याकडे ‘मिरर ऑर्डर’ म्हणतात. पण तोही रामबाण नाही. केनियाला मूल नेण्याची परवानगी सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्मृती मदन कंसाग्रा प्रकरणात अशाच अटीवर वडिलांना दिली, पुढे वडिलांनी शब्द पाळला नाही आणि २०२१ मध्ये न्यायालयाला तो आदेश मागे घ्यावा लागला. परदेशात गेलेल्या मुलापर्यंत आपल्या न्यायालयाचा हात किती पोहोचतो, हे त्या प्रकरणात दिसले.

दोन किरकोळ वाटणाऱ्या पण अडवणाऱ्या बाबी. नातवाकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे कार्ड) आहे की तो व्हिसावर आला आहे, हे पाहावे. व्हिसा असल्यास त्याची मुदत संपण्यापूर्वी जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयात परकीय नागरिक नोंदणीकडे चौकशी करावी. आणि सोळा वर्षांखालील मुलाच्या अमेरिकी पासपोर्टसाठी सामान्यतः दोन्ही पालकांची संमती लागते, तेव्हा त्याची मुदत कधी संपते ते आजच बघून ठेवावे. वकिलाच्या फीची चिंता असल्यास, स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सहाय्य मिळते. जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाकडे मुलीने स्वतः अर्ज करावा.

राहिला बहिणीकडे ठेवण्याचा प्रश्न. नातवाला सांगलीला पाठवू नये. बंदीप्रत्यक्षीकरणाच्या याचिकेत मूल पत्त्यावर सापडले नाही, तर आई आसऱ्यासाठी माहेरी आली होती हे आपले सगळे म्हणणे त्या एका गोष्टीने पुसले जाते. तो ज्या शाळेत जातो त्याच शाळेत रोज जाऊ द्यावा, हजेरीपट आणि प्रवेशाच्या नोंदीची प्रत घेऊन ठेवावी, आणि पोलीस आले तर दार उघडून तो येथेच आहे असे सांगावे.