स्मार्ट टीव्हीच्या सॉफ्टवेअरला हात न लावता टीव्ही नुसता पडदा म्हणून वापरता येतो का?

येतो. मिरजेला आई-बाबांकडे गेली चार वर्षं तसाच चाललाय. तुमचा प्रश्न वाचताना आमच्याच घरातलं कुणीतरी लिहितंय असं वाटलं. तुम्ही लिहिलंय तसंच: टीव्ही लावला की आधी जाहिरातींनी भरलेलं होम पेज, त्यात वडिलांना सेट-टॉप बॉक्स कुठे गेला ते सापडत नाही, सोफ्यावर तीन रिमोट, आणि तुम्ही परगावाहून फोनवर सांगताय, "वरचं बटण दाबा... ते नाही हो, त्याच्या वरचं."

आमचा टीव्ही घेतला तेव्हा झकास होता. दोन वर्षांनी एक अपडेट आला आणि मेनू उघडायलाच पाच-सहा सेकंद लागायला लागले. पडदा मात्र आजही धडधाकट. टीव्हीचं दुखणंच हे आहे: पडदा आठ-दहा वर्षं सहज काढतो, आतलं सॉफ्टवेअर त्याच्या कितीतरी आधी म्हातारं होतं. म्हणून डोकं वेगळं आणि पडदा वेगळा करायचा. डोकं म्हणजे बाहेरून लावलेली स्टिक (टीव्हीच्या मागे खोचायची, अ‍ॅप चालवणारी बोटभर वस्तू), बॉक्स किंवा छोटा कॉम्प्युटर. टीव्हीने फक्त दाखवायचं.

हे एका रिमोटवर जमतं ते सीईसीमुळे, म्हणजे जोडलेल्या उपकरणांनी एकमेकांना निरोप द्यायच्या सोयीमुळे. टीव्हीला बॉक्स किंवा स्टिक जोडतो त्या एचडीएमआय केबलमध्ये चित्र आणि आवाज नेणाऱ्या तारांच्या जोडीला एक साधी तार असते, कनेक्टरच्या १३ नंबरच्या पिनवर. तिच्यावरून जोडलेली उपकरणं एकमेकांशी बोलतात, तेही रमतगमत, सेकंदाला जेमतेम ४०० बिट. पण "ऊठ" आणि "माझ्याकडे बघ" एवढेच दोन निरोप द्यायचे असतील तर तेवढं पुष्कळ झालं. स्टिकच्या रिमोटचं बटण दाबलं की आमच्या टीव्हीच्या खालचा लाल दिवा लुकलुकतो, आत रिलेचा 'टक्' असा आवाज येतो, कंपनीचा लोगो येऊन जातो आणि थेट स्टिकचं चित्र लागतं. टीव्हीचं स्वतःचं होम पेज मध्ये येतच नाही.

पंचाईत अशी की टीव्हीच्या मेनूत 'सीईसी' हा शब्द बहुतेक वेळा सापडत नाही. सॅमसंगमध्ये त्याला अ‍ॅनीनेट प्लस म्हणतात, एलजीमध्ये सिंपलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक, पॅनासॉनिकमध्ये व्हिएरा लिंक, फिलिप्समध्ये ईझीलिंक. एकाच पोराची पाच बारशी. ते चालू करा, आणि त्याच्या पोटात आपोआप चालू होणं, आपोआप बंद होणं असे पर्याय असतील तर तेही. एवढं करूनही काही घडलं नाही तर केबल बदलून बघा. नियमाप्रमाणे ही तार प्रत्येक एचडीएमआय केबलमध्ये असायलाच हवी, पण बिननावाच्या स्वस्त केबलमध्ये ती जोडलेलीच नव्हती असा अनुभव मी घेतलाय. चित्र एकदम फक्कड, सीईसी मुकं. दीड दिवस मी टीव्हीला शिव्या देत होतो.

दुसरी चूक बहुतेक सगळेच करतात. स्टिकला वीज टीव्हीच्याच यूएसबीतून देतात, वायर दिसत नाही म्हणून. पण बऱ्याच टीव्हींमध्ये टीव्ही बंद झाला की ती यूएसबीही बंद होते. मग स्टिकच मेलेली असताना टीव्हीला उठवणार कोण? स्टिकबरोबर आलेला अ‍ॅडॉप्टर भिंतीतल्या प्लगमध्येच लावा.

आता तुमचा सेट-टॉप बॉक्स. बऱ्याच डीटीएच आणि केबलच्या बॉक्सना सीईसी कळत नाही. पण त्यांच्या अनेक रिमोटवर टीव्हीसाठी वेगळी बटणं दिलेली असतात, आणि ती टीव्हीच्या रिमोटकडून शिकवता येतात. बॉक्सचा रिमोट शिकायच्या मोडमध्ये न्यायचा (कुठली बटणं धरून ठेवायची ते पुस्तिकेत असतं), दोन्ही रिमोट नाकाला नाक लावून ठेवायचे आणि टीव्हीच्या रिमोटचं पॉवर, आवाज, सोर्स एकेक करून दाबायचं. माझ्या ओळखीत निम्म्या घरांत ही बटणं कोरी करकरीत पडून आहेत. त्याबरोबर टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'चालू झाल्यावर काय दाखवायचं' असा पर्याय मिळतो का बघा. असला तर होम स्क्रीनऐवजी 'शेवटचा इनपुट' निवडा. वडील फक्त चॅनेल बघत असतील तर तुमचं काम एवढ्यावरच भागेल, स्टिकसुद्धा घ्यायला नको.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. बाहेरचा बॉक्स लावला म्हणजे टीव्हीचं सॉफ्टवेअर गप्प बसलं असं नाही. अनेक स्मार्ट टीव्हींमध्ये एसीआर नावाची सोय असते. पडद्यावर जे चाललंय त्याचे नमुने घ्यायचे, त्यांचा ठसा कंपनीच्या सर्व्हरला पाठवायचा आणि तिथे तो कार्यक्रम ओळखायचा, असा तो उद्योग. चित्र सेट-टॉप बॉक्समधून येतंय की लॅपटॉपमधून, त्याला घेणंदेणं नाही. तो पडदा वाचतो. अमेरिकेत व्हिझिओ या कंपनीने १ कोटी १० लाख टीव्हींवरून लोक काय बघतात त्याची सेकंदासेकंदाची माहिती परवानगीशिवाय गोळा केल्याचं प्रकरण २०१७ मध्ये २२ लाख डॉलर भरून मिटलं. ते जुनं झालं म्हणाल, तर २०२४ मध्ये लंडन, कॅलिफोर्निया आणि माद्रिदच्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी सॅमसंग आणि एलजीच्या टीव्हींची इंटरनेटवरची ये-जा तपासली. टीव्ही नुसता एचडीएमआयचा पडदा म्हणून वापरला तरी ही ठसेगिरी चालू असल्याचं त्यांना आढळलं. मेनूतून ती बंद केल्यावर थांबली, हेही त्यांनी नोंदवलंय.

मी मेनूच्या भरवशावर राहत नाही. टीव्हीला इंटरनेटच द्यायचं नाही, विषय संपला. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन घरचं वाय-फाय 'विसरा' करा. तरी मागे लागत असेल तर फॅक्टरी रीसेट मारा आणि नव्याने सुरू करताना वाय-फायचा पासवर्ड मागेल तिथे 'वगळा' करा. गूगल टीव्हीवाल्या टीव्हींमध्ये अगदी सुरुवातीला 'बेसिक टीव्ही' असा पर्याय मिळतो. त्यात अ‍ॅप वगैरे काही नाही, फक्त इनपुट. रीसेटनंतर दुकानाचा मोड (शोरूममध्ये भडक चित्र दाखवायचा) की घरचा असं विचारलं तर घरचाच निवडा. आमच्याकडे चुकून दुकानाचा निवडला गेला आणि आठवडाभर आई म्हणत होती की मालिकेतल्या सगळ्या बायकांना कावीळ झालीय.

कुणी म्हणेल, स्टिक तरी कुठे साधू आहे? नाहीच. तिच्याही होम पेजवर जाहिराती असतात आणि तीही तुमच्यावर लक्ष ठेवून असतेच. फरक इतकाच की ती सुस्तावली किंवा डोक्यात गेली तर काही हजारांत बदलता येते, आणि भिंतीवरचा टीव्ही जागचा हलवावा लागत नाही. अ‍ॅपल टीव्हीवर जाहिरातींचा जाच कमी आहे, पण किंमत बघून बाबांनी विचारलं असतं, "यात टीव्ही पण येतो का?"

तुम्हाला खटपटीची आवड असेल तर रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा कॉम्प्युटर घ्या. माझ्या पुण्याच्या घरी तोच आहे. त्याच्या एचडीएमआयला सीईसी येतं, त्यामुळे 'सीईसी-क्लायंट' नावाच्या छोट्या प्रोग्रामला 'ऑन झीरो' असं सांगितलं की टीव्ही चालू, 'स्टँडबाय झीरो' म्हटलं की बंद. तो शून्य म्हणजे टीव्हीचा पत्ता. या यंत्रणेत टीव्ही कायम शून्य नंबरचा. रात्री साडेअकराला माझा टीव्ही आपोआप झोपतो, यात बायकोचं योगदान जास्त आहे. साध्या लॅपटॉपला किंवा पीसीला मात्र सीईसी सहसा येत नाही, त्यासाठी वेगळा यूएसबी अ‍ॅडॉप्टर लागतो. जाहिरातींच्या फलकांसाठीचे व्यावसायिक डिस्प्लेही असतात, पण घरासाठी तो खर्च मला पटत नाही.

राहिली लाईट. याबद्दल कुणी सांगत नाही. बाबांना रात्री निजताना भिंतीवरची सगळी बटणं बंद करायची जुनी सवय. स्टिक चालू राहायला हवी म्हणून मी त्यांना बजावलं होतं, टीव्हीच्या बोर्डाला हात लावू नका. एके रात्री लाईट गेली आणि अडीच वाजता आली. वीज मिळताच स्टिक सुरू झाली आणि सुरू होताच तिने टीव्हीला "ऊठ, माझ्याकडे बघ" म्हणून निरोप धाडला. टीव्ही इमानदारीत उठला आणि कुठल्यातरी मारामारीच्या सिनेमाचं ट्रेलर घरभर घुमायला लागलं. बाबा हातात बॅटरी आणि कोपऱ्यातली काठी घेऊन बाहेर आले. सकाळी सहाला मला फोन.

मी टीव्हीचं आपोआप चालू होणं बंद करणार होतो, पण मग पुन्हा दुसरा रिमोट आला. शेवटी बाबांनीच तोडगा काढला. ते आता पूर्वीसारखं रात्री बोर्डावरचं बटण बंद करतात. सकाळी चहा घेऊन आले की बटण दाबतात, कपबशी टीपॉयवर ठेवतात आणि बसेपर्यंत टीव्ही स्वतःहून लागलेला असतो. टीव्हीचा मूळ रिमोट कपाटात आहे, सेल काढून. त्याचे सेल आईने घड्याळात घातलेत.