बास्कची बहीण घडवताना

प्रश्न : कादंबरीसाठी मी बास्कच्या (स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरच्या भाषेच्या) नात्यातली एक काल्पनिक भाषा रचतो आहे. बास्क शब्दांतलं एखाददुसरं अक्षर बदलून बरेच शब्द केले, पण ते उसने वाटतात. उच्चार कसे ठरवू? लिपी रोमन ठेवू की नवी आखू?

उत्तर : उसने वाटणारच, कारण आजची बास्क तुमच्या भाषेची बहीण आहे, आई नव्हे. आईपासून सुरुवात करा. भाषाशास्त्रज्ञ कोल्दो मिचेलेना यांनी जुन्या बास्कची ध्वनिव्यवस्था अनुमानाने मांडली आहे. तिच्यात 'म' नव्हता. जिभेसाठीचा शब्द 'बिनी' असा मानतात. शेजारच्या 'न'मुळे 'ब'चा 'म' झाला, पुढे दोन स्वरांमधला 'न' गळाला आणि आजचा 'मिही' उरला. तुमच्याकडे 'न' टिकू द्या, हवं तर शेवटची 'ई' गळू द्या: 'बिन'. मात्र नियम ठरला की सगळ्या शब्दांना लावा, लाडक्या शब्दांनाही. असं नातं मला फार देखणं वाटतं. वाचकाला ते नियम न सांगताही जाणवतं.

बास्कचे दोन 'स' मात्र सोडू नका. एक जिभेच्या टोकाने, दुसरा टोकामागच्या पात्याने. पहिल्याने 'सु' म्हटलं तर विस्तव, दुसऱ्याने म्हटलं तर 'तुम्ही'. पश्चिमेकडच्या बोलींत हा भेद पुसला गेलाय. तुमच्या भाषेत तो राहिला, तर तिला स्वतःचा आवाज मिळेल.

लिपी कथेच्या काळावर ठरेल. रोमन काळातल्या अ‍ॅक्विटेनियाच्या (आजच्या नैऋत्य फ्रान्समधल्या) शिलालेखांत 'नेस्कातो' असं नाव रोमन अक्षरांत सापडतं. आजच्या बास्कमध्ये नेस्कातो म्हणजे मुलगी. कथा त्याआधीची असेल तर स्पेनमधली प्राचीन इबेरियन लिपी घ्या. तिच्यात क, त, ब यांसारख्या व्यंजनांना स्वरासकट एकच चिन्ह असतं, बाकीचे ध्वनी सुटे लिहितात. आणि 'त' की 'द' हे बहुतेकदा वाचणाऱ्यानेच ओळखायचं. ही अडचण समजून दुरुस्त करू नका. आपणही 'चार' आणि 'चाक' एकाच 'च'ने लिहितो आणि बिनचूक वाचतो.

पूर्ण नवी लिपी आखायची गरज नाही. स्पेनमधल्या पाम्पलोनाजवळ इरुलेगीला २०२१मध्ये काशाचा एक हात सापडला, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला. त्यावरचा मजकूर किती बास्क आहे यावर वाद आहे, पण त्यात रोमन 'टी'सारखं एक चिन्ह आहे, जे इबेरियन लिपीत नाही. म्हणजे घेतलेल्या लिपीत तिथल्या लोकांनी आपली भर घातली होती. तुम्हीही तुमच्या भाषेतल्या एखाद्या ध्वनीसाठी एक चिन्ह वाढवा.