शेवटच्या दिवसांत वडिलांच्या घशातून घरघर येते आहे. त्यांना गुदमरत असेल का?

बहुधा नाही; ती घरघर ऐकणाऱ्याला जितकी असह्य होते, तितकी ग्लानीत गेलेल्या माणसाला जाणवत नाही, असं पॅलिएटिव्ह केअरमधले, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणारे, डॉक्टर मानतात. गिळण्याची आणि खोकण्याची ताकद गेली की लाळ घशात साचते आणि श्वासाबरोबर वाजते. ‘घरघर लागली’ म्हणतात ते हेच. त्यांना हलकेच कुशीवर वळवा, ओठ ओल्या कापसाने पुसत राहा. चमच्याने पाणी मात्र घालू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. गंगाजळ द्यायचंच असेल तर ओल्या बोटाने ओठांना लावा. पण कपाळावर आठ्या, कण्हणं किंवा तळमळ दिसली, तर त्यांना त्रास होत असू शकतो. लगेच डॉक्टरांना कळवा, त्यावर औषधं आहेत. आणि त्यांच्याशी बोलत राहा, कदाचित ऐकू येत असेल.