जुन्या स्पेक्ट्रमवर पॅकमॅनसारखा खेळ स्वतः लिहायचा असेल तर सुरुवात कुठून करावी?

तुमच्या काकांच्या माळ्यावर झेडएक्स स्पेक्ट्रम हा जुना घरगुती संगणक सापडलाय, त्यातली बेसिक ही सोपी प्रोग्रामिंग भाषा थोडीफार येते, असेंब्ली, म्हणजे थेट प्रोसेसरला आज्ञा देणारी भाषा, अजिबात येत नाही, आणि भुतं मागे लागणारा भूलभुलैयाचा खेळ लिहायचाय. आधी चित्रं काढू की आधी असेंब्ली शिकू, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर: दोन्ही नको. अप्पा बळवंत चौकातून चौकटीची वही आणा आणि त्यात नकाशा काढा.

मी असाच एक खेळ गेल्या पावसाळ्यात लिहून पूर्ण केला, त्यामुळे कुठे वेळ जातो आणि कुठे मजा येते ते ताजं आहे.

या यंत्राचा पडदा २५६ बाय १९२ पिक्सेलचा आहे. म्हणजे ८ बाय ८ पिक्सेलची घरं धरली तर आडवी ३२ आणि उभी २४. बेसिकमधून त्यातल्या वरच्या २२ ओळीच सरळ वापरता येतात. १९८० च्या मूळ पॅकमॅनचा पडदा उभा होता आणि त्याचा भूलभुलैया २८ घरं रुंद, ३१ घरं उंच. तो इथे मावतच नाही, तेव्हा नक्कल करायचा विचार सोडा आणि स्वतःच्या ओळखीची जागा काढा. मी पुण्याच्या पेठा काढल्या. भुतांचं घर अर्थातच शनिवारवाडा. लक्ष्मी रोड एकेरी, पण फक्त भुतांसाठी. खेळणाऱ्याला दोन्हीकडे जाता येतं. ही कल्पना मूळ खेळातही आहे बरं का: तिथे चार जागी भुतांना वरच्या बाजूला वळायला मनाई आहे, आणि मुरलेले खेळाडू नेमके तिथूनच निसटतात.

बोळ एकाच घराइतका रुंद ठेवा. स्पेक्ट्रममध्ये ८ बाय ८ च्या एका घरात दोनच रंग बसतात, एक शाईचा आणि एक कागदाचा. भूत भिंतीच्या घरात जरासं जरी शिरलं तरी भिंतीचा रंग बदलतो. बोळ आणि भिंत यांची घरं वेगळी असली की हा प्रश्न उरतच नाही. शिवाय रंग हाच नकाशा होतो. भिंतीची शाई आणि कागद दोन्ही निळे ठेवा; मग बेसिकच्या एटीटीआर फंक्शनला त्या घराचा रंग विचारला की ९ मिळतं. ९ आलं तर भिंत, नाहीतर वाट मोकळी. वेगळी यादी नको, जास्तीची मेमरी नको.

आता मुख्य गोष्ट. भूलभुलैयाच्या खेळात जे काही घडतं ते चौकात घडतं. बोळात कोणालाच काही ठरवायचं नसतं.

आधी खेळणाऱ्याचा चौक बघा. माझी आठ वर्षांची भाची पहिल्यांदा खेळायला बसली, चार बोटं क्यू-ए-ओ-पी वर. दोन मिनिटांत तिसऱ्यांदा मेली आणि रडवेली होऊन म्हणाली, "मामा, मी दाबलं होतं!" तिचं बरोबर होतं. तिने वळणाच्या एक घर अलीकडे कळ दाबली होती, तिथे बाजूला भिंत होती, म्हणून माझ्या प्रोग्रामने ती कळ टाकून दिली. चौकात पोचेपर्यंत बोट उचललेलं. त्या रात्री मी दिशेसाठी दोन चल केले: एक आत्ताची दिशा, दुसरी हवी असलेली. कळ दाबली की फक्त दुसरी बदलते. प्रत्येक घरात शिरल्यावर आधी हव्या त्या दिशेला वाट आहे का ते बघायचं, असेल तर वळायचं, नसेल तर सरळ जायचं. पाच-सहा ओळींचा बदल, पण खेळ हातात आला तो त्यामुळे. तुम्ही हे पहिल्या दिवसापासून करा.

मग भुतांचा चौक. मला या खेळात सगळ्यात जास्त आवडतं ते हे. मूळ खेळातली चारही भुतं एकच नियम पाळतात: मागे वळायचं नाही, आणि पुढच्या मोकळ्या घरांपैकी जे आपल्या लक्ष्याच्या सर्वांत जवळ असेल तिकडे जायचं. फरक फक्त लक्ष्यात. लाल भुताचं लक्ष्य खेळाडू स्वतः. गुलाबी भुताचं लक्ष्य खेळाडूच्या चार घरं पुढे, म्हणून ते वाट अडवतं. नारिंगी भूत आठ घरांपेक्षा लांब असलं तर पाठलाग करतं आणि जवळ आलं की आपल्या कोपऱ्याकडे पळतं. निळसर भूत खेळाडूच्या दोन घरं पुढचा बिंदू घेतं, लाल भुतापासून तिथपर्यंत रेघ ओढतं आणि ती तितकीच पुढे वाढवतं. एवढ्याशा हिशेबातून चार स्वभाव तयार होतात! स्पेक्ट्रममध्ये नारिंगी रंग नाही, ते भूत मी हिरवं केलं. आणि उसंत विसरू नका. मूळ खेळात पहिल्या पातळीवर सुरुवातीला ७ सेकंद भुतं आपापल्या कोपऱ्याकडे जातात, मग २० सेकंद पाठलाग. मी आधी सतत पाठलाग ठेवला होता. खेळणारा दमून उठून जायचा.

बेसिकमध्ये एक खेळाडू आणि एक भूत एवढंच करा. ते नीट चालेल. चार भुतं सोडलीत की सगळे रांगायला लागतात, कारण हे बेसिक प्रत्येक संख्या पाच बाइटांत ठेवतं आणि साध्या बेरजेलाही वेळ खातं. तिथपर्यंत पोचलात की असेंब्ली शिका; तेव्हा काय लिहायचं ते ठाऊक असेल, फक्त कसं ते शिकायचं उरेल. प्रोसेसर ३.५ मेगाहर्ट्झचा झेड८०, पडदा सेकंदाला ५० वेळा रंगतो, म्हणजे रंगण्याच्या एका फेरीत तुमच्या वाट्याला प्रोसेसरचे ६९,८८८ ठोके. प्रत्येक फेरीत एक पिक्सेल सरकलं तर भूत आठ फेऱ्यांतून एकदाच नव्या घरात शिरतं आणि तेवढ्यापुरताच विचार करतं. चार भुतांच्या पाळ्या वेगवेगळ्या फेऱ्यांत लावा, म्हणजे यंत्राला धाप लागणार नाही. एका घरातली खालची पिक्सेल-ओळ मेमरीत २५६ बाइट पुढे असते, म्हणून पत्ता प्रोसेसरच्या एचएल या जोडकप्प्यात ठेवून त्यातलं एच रजिस्टर एकने वाढवलं की खाली उतरता येतं. पहिल्यांदा हे विचित्र वाटतं, नंतर फार सोयीचं.

लिहायचं आजच्या संगणकावर, फ्यूज एम्युलेटरमध्ये, म्हणजे स्पेक्ट्रमची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, तपासत. काकांचं यंत्र चालू करायची घाई नको. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट लागतात आणि त्याच्या पिनेचा मधला भाग ऋण असतो, हल्लीच्या बहुतेक अडॅप्टरांच्या बरोबर उलट. तपकीर गल्लीत अडॅप्टर घ्यायला गेलात तर हे आधी सांगा आणि मीटरवर बघून मगच घ्या. खेळ यंत्रात भरायला टेपरेकॉर्डरच हवा असं नाही. टेपचा आवाज मोबाइलमधून इअर लिहिलेल्या भोकात सोडला, आवाज जवळजवळ पूर्ण ठेवून, तरी चालतं.

वहीतला नकाशा झाला की त्याचा फोटो इथे खाली टाका. एकाच तोंडाचे बोळ राहिले असतील तर मी खुणा करून देतो. भुतांना मागे वळायची मनाई असल्यामुळे ती तिथे अडकून बसतात.