गळणं वेगळं, विरळ होणं वेगळं

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी २९ वर्षांची आहे, बाळ साडेचार महिन्यांचं आहे. प्रेग्नन्सीत केस इतके दाट झालेले की सगळ्या विचारायच्या काय लावतेस, आणि आता महिनाभर झाला नुसता हात फिरवला तरी पुंजका हातात येतो. परवा बाळाच्या मुठीत माझे केस अडकलेले दिसले आणि मला रडूच फुटलं. गळलेले केस रोज मोजते, केस धुवायची भीती वाटते म्हणून आठवडा आठवडा धुवत नाही, काल धुतले तर १८० निघाले. तीन शांपू बदलले, बायोटिन या व्हिटॅमिनच्या गोळ्या चालू केल्या. मला टक्कल पडणार का?

उत्तर : नाही गं, टक्कल नाही पडणार, हे आधी सांगते म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. प्रत्येक केस साधारण २ ते ६ वर्षं वाढतो, मग तीनेक महिने नुसता बसून राहतो आणि मग गळतो. प्रेग्नन्सीत हार्मोन्समुळे जे गळायचे ते केस गळलेच नाहीत, म्हणून तेव्हा दाट दिसत होते, आणि डिलिव्हरीनंतर ते सगळे एकदम सुट्टीवर गेले आणि आता एकदम गळतायत. म्हणजे आज हातात येणारा केस तीन महिन्यांपूर्वीच वाढायचा थांबलेला असतो, त्यात आजच्या शांपूचा काही दोष नाही. डेंग्यू, टायफॉइड, मोठं ऑपरेशन, उपाशी राहून केलेलं डाएट, या सगळ्यानंतर असंच होतं, म्हणून केस गळतायत म्हणून कुणी आलं की माझा पहिला प्रश्न हाच असतो की तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं.

गळलेल्या केसाच्या टोकाला पांढरा बारीक दाणा दिसतो ना, तो बघून बायका घाबरतात की मुळासकट आला. ते मूळ नाही, केस तयार करणारी जागा आत त्वचेतच शाबूत असते. आरशासमोर उजेडात कपाळाची कड बघ, आखूड बारीक केस उभे दिसतील, ते नवीन आलेत.

मोजणं मात्र आजपासून बंद कर. दिवसाला ५० ते १०० केस सगळ्यांचेच गळतात, आणि आठवडाभर न धुता साठवलेस तर धुताना ते एकदमच निघणार, धुतल्याने जास्तीचा एकही गळत नाही. मोठ्या दातांचा कंगवा वापर, अंबाडा ओढून घट्ट बांधू नकोस. बायोटिन खरोखर कमी असणारे लोक फार थोडे असतात, उलट त्या गोळ्यांनी थायरॉइडच्या टेस्टचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो, म्हणून टेस्टच्या आधी डॉक्टरांना सांगून त्या थांबव. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि टीएसएच (थायरॉइडची टेस्ट) एकदा करून घे, कारण बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडलेलं बऱ्याचदा नुसता थकवा समजून सोडून दिलं जातं.

आणि बाळाच्या मुठीतल्या केसांबद्दल, हे फार महत्त्वाचं आहे. सुटलेला केस बाळाच्या बोटाला, पायाच्या बोटाला गुंडाळला जाऊन आवळतो, रक्तपुरवठा बंद होऊ शकतो. रोज मोजे काढून एकेक बोट बघ, बाळ उगाच खूप रडत असेल तर आधी तेच बघ. बोट लाल झालंय, सुजलंय आणि केस निघत नाहीये तर लगेच डॉक्टरकडे ने.

बाळ वर्षाचं होईपर्यंत गळणं बहुतेक थांबतं, पण केस महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो, त्यामुळे वेणी पहिल्यासारखी व्हायला वेळ लागेल. वर्षानंतरही गळत राहिले, गोल गुळगुळीत चाई पडली किंवा भांग रुंद होत गेला तर स्किनच्या डॉक्टरकडे जा. रडू येणं साहजिक आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

प्रश्न : मी २३ वर्षांचा आहे. केस फारसे गळत नाहीत पण कपाळ दोन्ही बाजूंनी मागे चाललंय. केस वाढायचं मिनॉक्सिडिल हे औषध लावलं तर तीन आठवड्यांत जास्तच गळायला लागले म्हणून सोडलं. आता पूर्ण टक्कल केलं तर दाट येतील का?

उत्तर : नाही रे, वस्तरा फक्त बाहेरचा केस कापतो, मुळापर्यंत तो पोचतच नाही. तुझं गळणं नाही, विरळ होणं आहे. डीएचटी नावाच्या हार्मोनमुळे केसाचं मूळ हळूहळू आकसतं आणि प्रत्येक वेळी केस आधीपेक्षा बारीक उगवतो, हे आई-वडील दोघांकडूनही येतं. मिनॉक्सिडिल मुळात ब्लडप्रेशरचं औषध, घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले म्हणून डोक्यावर लावायचा विचार झाला, आणि अमेरिकेत १९८८ मध्ये त्याला मान्यता मिळाली. सुरुवातीला जे गळतात ते जुने केस असतात, नवीन केस त्यांना बाहेर ढकलतात, नेमके तेव्हाच लोक औषध सोडतात. किमान चार ते सहा महिने लावल्याशिवाय फरक कळत नाही, आणि बंद केलं की मिळालेलं काही महिन्यांत परत जातं, तेव्हा हे जमणार आहे का ते आधी ठरव. डीएचटी कमी करणारी फिनास्टेराइडची गोळी मित्राच्या सांगण्यावरून घेऊ नकोस, काही जणांना लैंगिक तक्रारी होतात, मूडवरही परिणाम होऊ शकतो, ते डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलूनच. काहीच करायचं नाही असं ठरवलंस तरी तब्येतीचं काही बिघडत नाही. करणार असशील तर आजच एक फोटो काढ आणि दर महिन्याला त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात, केस कोरडे असताना परत काढ, कारण रोज आरशात बघून काही कळत नाही.