करिअर मार्गदर्शन : दृष्टिपटलाची वाढ, वार्धक्य आणि एका विद्यार्थिनीची शंका

प्रिय विद्यार्थिनीस,

सप्रेम नमस्कार.

सस्तन प्राण्यांच्या दृष्टिपटलात वाढीच्या आणि वार्धक्याच्या काळात होणाऱ्या बदलांवर संशोधन करावे, असे प्राणिशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या तुम्हाला वाटते. तर डोळ्यांचे काम करायचे म्हणजे डॉक्टरच व्हायला हवे, असे तुमच्या आईंचे म्हणणे आहे. शिवाय पेशी तयार होण्याचे काम आयुष्याच्या सुरुवातीलाच आटोपत असेल तर पुढे अभ्यासण्यासारखे काय उरते, अशी शंका तुम्ही पत्राच्या शेवटी काहीशा संकोचाने विचारली आहे. सुरुवात मी त्या शंकेपासूनच करतो.

दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याच्या मागच्या बाजूचा प्रकाश टिपणारा पडदा, हा खरे तर मेंदूचाच बाहेर आलेला भाग आहे. त्यात मेंदूकडे संदेश नेणाऱ्या गँग्लिऑन पेशी आधी तयार होतात आणि मंद प्रकाशात पाहणाऱ्या दंडपेशी, संदेश पुढे पोहोचवणाऱ्या द्विध्रुवी पेशी व आधार देणाऱ्या म्युलर पेशी बऱ्याच उशिरा येतात. हा क्रम बहुतेक सस्तन प्राण्यांत सारखाच दिसतो. उंदरात हे काम जन्मानंतर साधारण दहा दिवस चालते, माणसात ते जन्मापूर्वीच जवळजवळ उरकलेले असते. डोळा मात्र त्यानंतरही वाढतो, पटल ताणले जाते आणि कडेच्या भागात पेशी विरळ होत जातात. माणसाच्या दृष्टिपटलातील मध्यखाचेत, म्हणजे सर्वांत स्पष्ट दिसणाऱ्या मधल्या खळग्यात, याच्या नेमके उलट घडते : तेथील रंग व बारकावे टिपणाऱ्या शंकुपेशी बारीक होत मध्याकडे सरकतात, ही दाटी जन्मानंतर कित्येक वर्षे वाढत राहते आणि प्रौढावस्थेत चौरस मिलिमीटरला सरासरी सुमारे २ लाखांवर पोहोचते. उंदराला अशी खाचच नसते, त्यामुळे उंदरावरून माणसाविषयी बोलताना जपून बोलावे लागते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पटल डोळ्यातून अलगद सोडवायचे, कडेने चार चिरा द्यायच्या, पाकळ्यांसारखे काचपट्टीवर पसरायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठरावीक चौकटींत पेशी मोजायच्या, याला होलमाउंट म्हणतात. एक महिन्याच्या उंदरापेक्षा मोठ्या उंदरात चौकटीमागे पेशी कमी भरल्या, की नवखा अभ्यासक ‘पेशी मेल्या’ असे लिहून मोकळा होतो. विद्यार्थी असताना मीही तसेच लिहिले होते. पटल ताणल्यानेही पेशी विरळ दिसतात, पण संपूर्ण पटलाचे क्षेत्रफळ मी मोजलेच नव्हते. त्यातच उंदराच्या गँग्लिऑन थरातील निम्म्याहून अधिक पेशी गँग्लिऑन नसून जागा सोडून आलेल्या अमाक्राइन (पटलातल्या पटलातच संदेश जोडणाऱ्या) पेशी असतात, म्हणून केवळ केंद्रके मोजून भागत नाही, पेशींची जात ओळखू येईल असे रंजन (त्यांना रंग देणे) करावेच लागते. प्राण्याचा वाणही तपासून घ्यावा : सी५७बीएल/६एन या प्रयोगशाळेतील उंदरांच्या प्रचलित वाणात दृष्टिपटल बिघडवणारे आरडी८ नावाचे उत्परिवर्तन (जनुकातील बदल) असते, आणि ते ध्यानात आले नाही तर आनुवंशिक विकारालाच म्हातारपण समजण्याची चूक होते.

खरे वार्धक्य याहून निराळे असते. माणसात वयाच्या ३४ ते ९० वर्षांदरम्यान दृष्टिपटलाच्या मध्यवर्ती भागातील दंडपेशी सुमारे ३० टक्क्यांनी घटतात, मात्र मध्यखाचेतील शंकुपेशींची संख्या बहुतांशी टिकून राहते. पटलामागच्या रंगद्रव्यथरात लिपोफ्युसिन हा पेशींतला टाकाऊ पदार्थ साठते, त्या थराखालचा ब्रुखचा पडदा जाड होतो आणि अंधारात नजर सरावायला वेळ लागू लागतो. एकाच पटलातील पेशींची एक जात झिजते आणि शेजारची तग धरते, ती का, हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही, आणि माझ्या मते तुमच्यासारखीने हात घालावा असा तोच आहे.

यासाठी वैद्यकीय पदवी अनिवार्य नाही. रुग्ण तपासण्याची, शस्त्रक्रिया करण्याची ओढ असेल तर आईंचे म्हणणे योग्यच आहे. ओसीटी (प्रकाशाने पटलाच्या थरांची प्रतिमा घेणे) व ईआरजी (पटलाचा विद्युत प्रतिसाद नोंदवणे) यांसारख्या तपासण्यांद्वारे हेच बदल जिवंत डोळ्यात पाहायचे असतील तर दृष्टिमापनशास्त्राचाही मार्ग आहे. मूलभूत प्रश्न हवा असेल तर चेताविज्ञान किंवा पेशीजीवशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण आणि पुढे पीएच.डी., असा लांबचा रस्ता धरावा लागेल. त्यासोबत संख्याशास्त्र मनापासून शिका, कारण या क्षेत्रात हात चांगला असलेले पुष्कळ भेटतात, पण नमुना कसा निवडावा हे जाणणारे थोडेच.

निर्णय घेण्यापूर्वी कोणत्याही प्रकाशित शोधनिबंधातील होलमाउंटचे एक छायाचित्र घ्या, त्यावर चौकटी आखा आणि आठवडाभर रोज तासभर हाताने पेशी मोजा. पहिल्या आणि सातव्या दिवशी एकाच चौकटीचे आकडे जुळतात का ते पाहा. न जुळल्यास तुम्हाला कंटाळा येतो की कारण शोधावेसे वाटते, तेवढे मला पुढच्या पत्रात कळवा.

आपला,
मार्गदर्शक