वाचकांचे प्रश्न : उभं राहिलं की आवाज फुटत नाही

प्रश्न : आमच्या गावच्या दूध संस्थेत मी सचिव आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेत अहवाल मलाच वाचावा लागतो. सगळी माणसं रोजच्या ओळखीची, तरी उभा राहिलो की कागद थरथरतो, घशाला कोरड पडते, आवाज चिरकतो. गेल्या सभेत निम्म्यातच कागद अध्यक्षांच्या हातात दिला. यंदा काय करू?
– सचिव, करवीर तालुका

उत्तर : धडधड, कोरड आणि थरथर, तिन्हींचं मूळ एकच. धोका आहे असं वाटलं की शरीरात अ‍ॅड्रेनलिन वाढतं. छातीचे ठोके वाढतात, लाळ आटते, हातांना बारीक कंप सुटतो. श्वास वरच्यावर चालतो आणि तेवढ्या तोकड्या श्वासावर आवाज पेलत नाही. बहुतेकांना हा जोर उठायच्या आधी आणि पहिल्या एक-दोन मिनिटांत सर्वात जास्त जाणवतो. बोलत राहिलं की ओसरू लागतो. तुम्ही कागद दिला आणि मोठी सुटका वाटली असणार. अडचण तिथंच आहे. सोडून दिलं म्हणून निभावलं, असा धडा मन घेतं आणि पुढच्या सभेची धास्ती महिनाभर आधीच सुरू होते. म्हणून यंदा एकच ठरवा : आवाज कापला तरी चालेल, अहवाल शेवटपर्यंत मीच वाचणार.

आता कागदाचं बघू. सुटा कागद हातातला कंप दुप्पट करून दाखवतो, शिवाय त्याची सळसळ माईकमध्ये येते. परीक्षेला नेतात तसल्या क्लिपच्या पॅडवर अहवाल लावा. अक्षर १६ आकाराचं ठेवा. जिथं श्वास घ्यायचा तिथं ओळ तोडा. पानाचा खालचा एक तृतीयांश भाग कोरा सोडा. नाहीतर वाचता वाचता हनुवटी छातीला टेकते आणि आवाज दबतो. सगळ्यात जास्त अडखळायला होतं आकड्यांपाशी. छापील अहवाल सभासदांच्या हातात असतोच. तेव्हा '१२,४७,३८६ रुपये' पूर्ण वाचत बसण्यापेक्षा 'सुमारे साडेबारा लाख' म्हणा आणि तसंच कागदावर अक्षरात लिहून ठेवा. लाभांश आणि दूध फरकाचा (वर्षाअखेरी दुधामागे मिळणाऱ्या जादा रकमेचा) दर मात्र नेमका सांगा, सभासद त्यासाठीच कान टवकारून बसलेले असतात.

आपलं नाव पुकारायच्या आधी बसल्या जागी पाच-सहा वेळा श्वासाचा क्रम करा : चार मोजेपर्यंत नाकानं आत, सहा मोजेपर्यंत तोंडानं सावकाश बाहेर. खांदे उचलू देऊ नका. घाईघाईनं मोठमोठे श्वास घेतले तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होऊन चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात आणि माणूस जास्तच घाबरतो. सभेआधीचा चहा टाळा, त्यानं धडधड वाढते. पाण्याचा घोट मात्र घ्या.

पहिली दोन वाक्यं तोंडपाठ हवीत, बाकीचं वाचायचंच आहे. व्यासपीठावरच्यांची नावं क्रमानं चिठ्ठीवर लिहा आणि तो क्रम अध्यक्षांकडून आदल्या दिवशी पक्का करून घ्या. एखाद्या पाहुण्याचं नाव राहिलं या धसक्यानंच पुढचा अहवाल विस्कटतो.

सरावाला सभेची वाट बघू नका. आधी बंद खोलीत उभं राहून मोठ्यानं वाचा, मग मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐका, मग घरच्यांसमोर. त्यानंतर सकाळच्या संकलनाला लोक जमतात तेव्हा फॅट-दराची एखादी सूचना उभ्यानं वाचून दाखवा. मग संचालकांच्या बैठकीत दोन पानं. प्रत्येक पायरीवर भीतीला दहापैकी गुण द्या. आठावरून चारावर आल्याशिवाय पुढच्या पायरीवर जाऊ नका. पायऱ्या गाळल्या की गाडं परत मूळ जागी येतं.

प्रश्न : शाहू जयंतीच्या वक्तृत्व स्पर्धेत भाषण पूर्ण पाठ होतं. मधलं एक वाक्य विसरले आणि पुढचं काहीच आठवेना. शिवाय माझ्या बोलण्यात गावाकडची भाषा येते, मुली हसतात.
– विद्यार्थिनी, कागल

उत्तर : शब्दन्‌शब्द पाठ केलं की एक शब्द पुढच्या शब्दाला ओढत आणतो. मधली एक कडी निसटली की साखळी तुटते. म्हणून मुद्दे पाठ कर, वाक्यं नको. शाहू महाराजांवर बोलायचं तर १९०१ मधलं मराठा वसतिगृह, २६ जुलै १९०२ चा ५० टक्के राखीव जागांचा हुकूम, १९१७ चा सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय, राधानगरीचं धरण, १९२० ची माणगाव परिषद, असे पाच टप्पे पुरतात. तळहाताएवढ्या कार्डावर प्रत्येकाचे तीनच शब्द लिही आणि रोज वेगळ्या शब्दांत बोलून बघ. पाच मिनिटांत साधारण ५०० ते ५५० शब्द नीट बसतात. बरीच मुलं ८००-९०० लिहितात, मग वेळेसाठी धावतात आणि धावताना विसरतात.

तरीही विसरलीसच तर थांब. शेवटचं वाक्य दुसऱ्या शब्दांत पुन्हा सांग आणि पुढच्या मुद्द्यावर जा. तुला युगासारखे वाटणारे ते तीन सेकंद श्रोत्यांना साधा विराम वाटतात, आणि तू काय गाळलंस हे त्यांना कळायला तुझा कागद त्यांच्याकडे नाही. 'सॉरी' म्हणू नकोस, त्यानंच चूक सगळ्यांच्या लक्षात येते.

कोल्हापूरचा हेल मुळीच घालवू नकोस. परीक्षकांना अडचण होते ती वाक्याच्या शेवटी आवाज पडल्यानं. क्रियापद ऐकूच येत नाही. वाक्यातला शेवटचा शब्द पूर्ण उच्चारून संपवायची सवय लाव.

प्रश्न : बचत गटाच्या मेळाव्यात माईक हातात आला की शिट्टी वाजते, आणि मी आहे ते पण विसरते.
– गृहिणी, गडहिंग्लज

उत्तर : स्पीकरमधून आलेला आवाज परत माईकमध्ये शिरला की शिट्टी वाजते. तेव्हा स्पीकरच्या पुढं उभं राहू नका, माईक त्याच्याकडं वळवू नका आणि वरची जाळी मुठीत झाकू नका. माईक तोंडापासून मूठभर अंतरावर, हनुवटीच्या उंचीला, किंचित तिरपा धरा. अगदी ओठांसमोर धरला तर 'प', 'फ', 'भ' म्हणताना फटफट आवाज येतो. मान वळली की माईकही सोबत वळला पाहिजे. कार्यक्रमाआधी पाच मिनिटं लवकर जाऊन साऊंडवाल्या दादांना सांगा आणि चार वाक्यं बोलून घ्या. आपलाच मोठा झालेला आवाज पहिल्यांदा भाषणात ऐकला की दचकायला होतं.

प्रश्न : भाषणाआधी धडधड थांबवणारी गोळी मिळते म्हणे. घ्यावी का?
– शिक्षक, इचलकरंजी

उत्तर : तुम्ही म्हणता ती बहुधा प्रोप्रॅनोलॉल. ती डॉक्टरांनी तपासून लिहून दिल्याशिवाय घेऊ नका. दमा असलेल्यांना ती धोक्याची ठरू शकते, नाडी किंवा रक्तदाब मुळातच कमी असेल त्यांनाही. मधुमेहींमध्ये साखर उतरल्याची धडधड तिच्यामुळं झाकली जाते. सहकाऱ्याच्या खिशातली गोळी तर नकोच.

बोलावं लागेल म्हणून बढती नाकारणं, बैठका चुकवणं, चारचौघांत जेवायलाही संकोच वाटणं, असं सहा महिन्यांहून जास्त चाललं असेल तर त्यावर रीतसर उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञ विचार आणि सराव यांची पायरीपायरीची पद्धत शिकवतात. सुरुवात कुठून करावी हे कळत नसेल तर टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं.